वाचवलेले पैसे कुणाचे?

बाई काटकसरी असली की तिचं कौतुक होतं. सासू करते, नवरा चार माणसांत करतो, महिला मेळाव्याला आलेले पाहुणे तर हमखास करतात. आमच्या भगिनी दहा रुपयांत बारा रुपयांचा संसार करून दाखवतात, या अर्थाचं भाषण मी सोनपेठ तालुक्यातल्या मेळाव्यांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानात शिरतही नाही. टाळ्या पडतात. टाळ्या बायाच वाजवतात. वरचे दोन रुपये आले कुठून आणि मग गेले कुठे, हे मात्र व्यासपीठावरून कुणी विचारत नाही. या लेखात मला तेवढंच विचारायचं आहे.

सूट, कुपन, 'एकावर एक मोफत', अर्धं तिकीट, रेशन, गॅसचं अनुदान, दुकानदाराची दिवाळीची योजना, या सगळ्यांची एकमेकांशी जोडणी करून महिना पार पाडणं हे काम आहे. डोक्याचं, पायांचं आणि वेळेचं काम. त्यातून जो पैसा वाचतो ती ते काम करणाऱ्या बाईची कमाई आहे. 'घराची बचत' म्हणून ती घराच्या, म्हणजे घरमालकाच्या खिशात टाकून देण्याची गोष्ट नव्हे.

हे मी आमच्या एका बैठकीत बोलले तेव्हा आपल्याच काही मैत्रिणी हसल्या. कुपनांवर काय बोलतेस, हुंडा, मारहाण, बालविवाह संपले का? संपलेले नाहीत. पण मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला 'सुरुवात कशावरून झाली' असं विचारलं, तर कितीतरी वेळा उत्तर पैशाशी येऊन थांबतं. आणि तो पैसा पुष्कळदा असाच असतो, चोरून वाचवलेला आणि डाळीच्या डब्यात सापडलेला. 'माझ्यापासून लपवलेस' हा आरोप. लपवले कारण विचारून ठेवले असते तर राहिलेच नसते, हे तिचं उत्तर. त्या उत्तराला कुठल्याही पोलीस ठाण्यात रकाना नाही.

हे काम कसं चालतं ते जरा बारकाईनं बघू, कारण ज्यांच्या घरात ते रोज होतं त्यांनासुद्धा ते दिसत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या गटातल्या तीन शेजारणी. तिघींची किराण्याची यादी वेगवेगळी, पण परभणीच्या एका मोठ्या दुकानाचं कागदी कुपन तिघींच्याही घरी आलेलं: दोन हजारांच्या बिलावर शंभर रुपये सूट, सहा हजारांवर साडेचारशे. तिघींनी वेगवेगळं बिल केलं असतं तर तीनशे सुटले असते. त्यांनी याद्या एकत्र केल्या. बेरीज ६,१५० रुपये झाली. धुण्याच्या पावडरीच्या पुड्यांतून निघालेली वीस-वीस रुपयांची तीन कुपनं वर्षभर सांभाळून ठेवली होती, ती काढली. दोघी एसटीनं गेल्या. तिसरी मागं राहिली ती तिन्ही घरची लेकरं आणि एक म्हातारी सासू सांभाळायला. म्हणजे तीही कामावरच होती. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत निम्मं भाडं आहे, त्यामुळे दोघींचं जाणं-येणं २२० रुपयांत झालं. पूर्ण भाडं असतं तर हा बेत जमलाच नसता, हे त्यांनीच मला सांगितलं. एक सवलत दुसरीच्या पायात पाय घालून उभी असते ती अशी.

आता त्यांच्या वहीतले आकडे. तोच माल गावात ६,९०० रुपयांना पडला असता. परभणीत कुपनं वजा जाता ५,६४० पडले. फरक १,२६० रुपये. एसटीचे २२० गेले, १,०४० उरले. तिन्ही घरांत मोठी शाबासकी झाली. पण त्या दिवशी कापूस वेचायला गेल्या असत्या तर दोघींना तीन-तीनशे रुपये मिळाले असते. ते बुडाले. ते वजा केले तर राहतात ४४०, म्हणजे घरटी दीडशेसुद्धा नाहीत. हे सहाशे रुपये कुणाच्याच हिशेबात नव्हते, कारण बाईचा बुडालेला रोज हा खर्च समजत नाहीत. ती 'बाजाराला गेली होती'. आणखी एक बारीकशी गोष्ट. पैसे मुलाच्या फोनवरून भरले म्हणून पन्नास रुपये परत मिळाले. ते मुलाच्या खात्यात आले आणि मुलानं त्यांचा रिचार्ज मारला.

पण खरी गोष्ट पुढच्या महिन्यात घडली. तिघींपैकी एकीच्या नवऱ्यानं घरखर्चाला तीनशे रुपये कमी दिले. 'मागच्या बारीला भागलं की.' भांडण नाही, तंटा नाही. तिनं हुशारीनं जे वाचवलं होतं तोच तिचा नवा दर ठरला. अंगावर काम घेणाऱ्या प्रत्येक मजूर बाईला हा खेळ ठाऊक आहे: हात भराभर चालवून जास्त काम उरकलं की मालक म्हणतो, एवढं जमतंय तर दर कशाला एवढा? फक्त तिथं मालकाला मालक म्हणता येतं.

म्हणूनच बाया वाचलेलं सांगत नाहीत. डब्यात, उतरंडीत, माहेरी, बिशीत ठेवतात. त्याला आपण कौतुकानं 'बायकांची गंमत' म्हणतो. ही गंमत नाही. ज्या पैशावर हक्क सांगता येत नाही तो पैसा राखायचा दुसरा मार्गच तिच्यापाशी नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि देशभरच्या बायांना ते पैसे बाहेर काढावे लागले. आमच्याकडच्या एका मावशीचे बारा हजार होते. 'नऊ वरसाचे व्हते ताई, एक-एक रुपाया कमी करून भाजी घेतलेले.' नवऱ्यानं बँकेत भरले, स्वतःच्या खात्यात, कारण तिचं खातं नव्हतं. ते परत काही आले नाहीत. पुढे २०२१ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठानं असा निर्णय दिला की नोटबंदीत गृहिणींनी भरलेले अडीच लाखांपर्यंतचे पैसे हे वाढीव उत्पन्न धरता येणार नाही, ती त्यांची वर्षानुवर्षांची बचत असू शकते. कर मागणाऱ्यांच्या दारात ती बचत बाईची ठरली. घराच्या दारात अजून ठरायची आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही, आणि दुसरीकडे तो कायद्यापर्यंत गेला आहे, म्हणून थोडं लांबचं सांगते. इंग्लंडमध्ये १८४४ साली रॉचडेल इथल्या विणकरांनी सहकारी दुकान काढलं. तिथं ग्राहकानं जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणात नफ्यातला वाटा त्याला परत मिळायचा. आजच्या भाषेत ही साठवत जायची सूट. खरेदी बायाच करत, त्यामुळे हा परतावा कष्टकरी घरांतल्या बायांचा मोठा आधार झाला, आणि या दुकानांच्या भोवतीच १८८३ मध्ये तिथल्या सहकारी चळवळीतली बायांची संघटना उभी राहिली. पण तो पैसा कुणाचा? १९४३ मध्ये 'ब्लॅकवेल विरुद्ध ब्लॅकवेल' हा खटला तिथल्या अपील न्यायालयासमोर आला. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या एका बाईच्या नावावर सहकारी सोसायटीत शंभरावर पौंड होते, घरखर्चातून वाचवलेले. न्यायालयानं सांगितलं, पैसे नवऱ्याचे. मूळ पैसा त्याचा, म्हणून त्यातून उरलेलाही त्याचाच. तिनं तो कसा उरवला, किती दुकानं फिरली, ताटातलं काय कमी केलं, याला मोल शून्य. बायांच्या संघटनांनी हे सोडलं नाही. एकवीस वर्षं लागली, पण १९६४ मध्ये कायदा झाला: नवऱ्यानं दिलेल्या घरखर्चातून जे वाचेल आणि त्यातून जे घेतलं जाईल, ते वेगळा करार नसेल तर दोघांचं निम्मं-निम्मं.

निम्मंच. तरी कायद्याच्या पुस्तकात आलं.

आपल्याकडे १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. बाईनं नोकरी-धंद्यात कमावलेला पैसा तिचा, असं तो दीडशे वर्षांपासून म्हणतोय. घरखर्चातून वाचवलेल्या पैशाबद्दल मात्र १९६४ च्या त्या कायद्यासारखं सरळ कलम आपल्याकडे नाही. न्यायालयं हळूहळू त्या दिशेनं बोलू लागली आहेत. अपघाताच्या भरपाईत गृहिणीच्या कामाचं मोल धरलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं. (बाई मेल्यावर तिच्या कामाची किंमत काढायला आपण तयार असतो, हे त्यातलं दुखणं.) त्याच निकालात २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे आहेत: बिनमोबदल्याच्या घरकामात बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. या घरकामात घरासाठी केलेली खरेदीही येते. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तर एका खटल्यात म्हटलं, नवरा बाहेर कमावत असताना बाईनं घर सांभाळलं, म्हणून त्यातून घेतलेल्या मालमत्तेत तिचा बरोबरीचा वाटा आहे. हे चांगलंच आहे. पण सोनपेठची बाई तीनशे रुपयांसाठी चेन्नईच्या निकालाची प्रत घेऊन नवऱ्यासमोर उभी राहणार नाही.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्हाला कौटुंबिक अंदाजपत्रक शिकवलं होतं. एका बाजूला उत्पन्न, दुसऱ्या बाजूला खर्च, खाली शिल्लक. शिल्लक ही वजाबाकी. वजाबाकी करणारं माणूस त्या तक्त्यात कुठंच नव्हतं. इथं येऊन आठ वर्षं झाली, आणि बचत गटांच्या वह्या तपासताना मला अजून तोच तक्ता भेटतो.

यावर एका नवऱ्यानं मला भर बैठकीत विचारलं, 'माझेच पैसे मला वाचवून देती, अन् ती तिची कमाई? वा रे न्याय!' सवाल बिनतोड वाटतो. मी त्याला मोंढ्याचं उदाहरण दिलं. अडत्या पेरत नाही, कापत नाही, माल स्वतःसाठी घेतही नाही. विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देतो, भाव जमवून देतो आणि त्याची अडत घेतो. ती अडत कुणाच्या पैशातून येते? दुसऱ्याच्याच. म्हणून कुणी 'ते माझेच पैसे' म्हणून अडत्याच्या गल्ल्यात हात घालतं का? भाव जमवून देणं हा धंदा आहे, हे पुरुषाला पुरुषाच्या बाबतीत लगेच समजतं. त्या भावानं उत्तर दिलं नाही, पण बैठकीतून उठूनही गेला नाही, हेही नोंदवून ठेवते.

आता बाजाराकडे वळू, कारण सगळा दोष नवऱ्यांच्या माथी मारून दुकानदार आणि सरकार यांना सोडून द्यायचं कारण नाही.

१९७२ च्या दुष्काळात, महागाईनं कंबरडं मोडलं तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सोबतिणींनी वेगवेगळ्या पक्षांच्या बायांना एकत्र आणलं. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन बाया रस्त्यावर आल्या. त्यांची मागणी भावाची होती. तेलाचा भाव, साखरेचा भाव, रेशनवरचं धान्य. भाव सगळ्यांना एकच असतो, म्हणून त्याच्याविरुद्ध सगळ्यांना एकत्र येता येतं. सूट तशी नसते. सूट तुला एक, मला दुसरी. आज आहे, उद्या नाही. या फोनवर दिसते, त्या फोनवर दिसत नाही. भावावर मोर्चा नेता येतो. कुपनावर कुणी मोर्चा नेल्याचं ऐकलंय का? भाव कमी करा म्हणणाऱ्या बाईला 'हुशार असशील तर शोध' असं सांगून बाजारानं एकेकटीला कामाला लावलं. महागाई हा सरकारला विचारायचा प्रश्न होता. तो आता बाईच्या हुशारीची परीक्षा झाला आहे, आणि नापास झाली तर दोष तिचा.

आणि सूट तरी कशावर? पाकिटावर छापलेल्या किमतीवर. ती किंमत उत्पादक स्वतः छापतो. १९९० पासून ती सर्व करांसह छापावी लागते, पण ती कमाल किंमत आहे, वाजवी किंमत नव्हे. तीच आधी फुगवून छापली की 'तीस टक्के सूट' द्यायला काय जातं? फोनवरच्या खरेदीत तर 'आता फक्त दोन नग शिल्लक', 'दहा मिनिटांत संपणार', न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटच्या पायरीला वाढणारी रक्कम, असे फसवणुकीचे तेरा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये नाव घेऊन बेकायदा ठरवले. नियम आहे. तक्रार करायची तर पुन्हा फोन आणि वेळ, दोन्ही लागतात.

उलट उदाहरणही सांगायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, अंगाचा साबण यांच्यावरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला. दुकानदारानं तो खरोखर पुढं पोचवला तर फोन नसलेल्या, वाचता न येणाऱ्या, दोन तास रांगेत उभं राहायला सवड नसलेल्या बाईलाही साबण स्वस्त मिळतो. कुणाला हुशारी दाखवावी लागत नाही. मला भांडायचंय ते अशा भावासाठी.

कारण सवलती जोडायला तीन गोष्टी हातात लागतात: रोख पैसा, फोन आणि रिकामा दिवस. आमच्या भागात दिवाळी झाली की जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून नवरा घेतो, तिच्या राबण्याची रक्कमही त्याच्याच हातात पडते. जाताना लागणारा किराणा गावातल्या दुकानातून उधारीवर भरला जातो. उधारीवर कुठली सूट? सहा हजारांच्या बिलावरचं कुपन तिच्या झोपडीत येतच नाही. ती दहा-दहा रुपयांचं तेल घेते आणि किलोमागं सगळ्यात महाग तेल तीच खाते. सवलत नेमकी जिला गरज आहे तिला वळसा घालून जाते.

सरकारी सवलतींची कथा थोडी वेगळी आहे, कारण तिथं निदान कागदावर बाईचं नाव आलंय. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली. ही साधी गोष्ट नाही. कार्ड दाखवताना 'कुटुंबप्रमुख' या शब्दापुढं आपलं नाव वाचणाऱ्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे. अर्धं तिकीट तर मला आजवरची सगळ्यात सरळ सवलत वाटते: अर्ज नाही, ओटीपी नाही, नवऱ्याची सही नाही, बाई आहेस, निम्मे दे आणि बस. पण बाकीच्यांचं काय? मराठवाड्यातल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांचं रेशनचं स्वस्त धान्य थांबलं आणि त्याऐवजी २०२३ मध्ये माणशी महिना दीडशे रुपये खात्यात येऊ लागले. बाजारात ज्वारी-गहू चढला तर तो फरक कुणी भरायचा? बाईनं, आणखी काटकसर करून. लाडक्या बहिणीचे दीडहजार जुलै २०२४ पासून तिच्या नावावर आले, आणि २०२५ मध्ये ई-केवायसी निघालं तेव्हा तिच्या आधारसोबत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक आणि त्याच्या फोनवरचा ओटीपी मागितला गेला. टाकलेल्या बाया त्या दिवसांत माझ्याकडे येऊन बसायच्या. 'ज्यानं सात वरसात तोंड नाही दाखिवलं, त्येच्याकून नंबर आणू का ताई?' तिच्या हक्काच्या पैशाचं कुलूप त्याच्या खिशात.

आता आपल्या चळवळीबद्दल. कुपनं जमवणाऱ्या, सेलला धावणाऱ्या बाईकडे आपण चंगळवादाला बळी पडलेली म्हणून बघतो. नव्वदच्या दशकापासून आपण बाजारावर पुष्कळ लिहिलं आणि ते बरोबरच होतं. पण त्या लिखाणातली बाई नेहमी दुकानाच्या काचेसमोर भुलून उभी असते. मला भेटणाऱ्या बाया भुललेल्या नाहीत. त्यांना पाकिटावरचे ग्रॅम तोंडपाठ आहेत. वीस रुपयांचा पुडा तेवढ्याच पैशाला असून आतून कधी हलका झाला हे त्या तारखेनं सांगतात. त्यांना 'बाजाराच्या मोहातून बाहेर या' हा उपदेश करायला आपण कोण? आणि दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आहेत, 'स्मार्ट गृहिणीसाठी बचतीच्या युक्त्या' शिकवणाऱ्या. त्या युक्त्या सोनपेठच्या बाईनं लिहिल्या असत्या तर जास्त चांगल्या झाल्या असत्या. पण वाचलेले पैसे कुणाच्या खात्यात टाकायचे ही युक्ती मी कुठल्याही पुरवणीत वाचलेली नाही.

एकेकटीनं कुपनं कापत बसण्याला पर्याय आपल्याच राज्यात आहे आणि तो बायांनीच चालवला आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, माल ठोकानं येतो आणि सभासद तो आपापसांत वाटून घेतात. या वाटपाचा भार पहिल्यापासून मुख्यतः बायांनीच उचलला. त्या शहरांतल्या, पगारदार घरांतल्या होत्या, महिन्याचे पैसे एकरकमी देऊ शकत होत्या, हा फरक मला कळतो. पण आमच्या त्या तीन शेजारणींनी याद्या एकत्र केल्या तेव्हा पंचायतीचं नावही न ऐकता त्यांनी तेच केलं होतं.

तिथून आम्ही पुढं निघालो आहोत. आमच्या दोन गटांनी हिशेबाच्या वहीत दोन रकाने वाढवलेत. एक 'वाचवले' आणि दुसरा 'किती तास गेले, किती रोज बुडाला'. पहिला रकाना भरायला बायांना आवडलं. दुसरा भरताना त्या गप्प झाल्या. एकीनं तर तो रकाना फाडूनच टाकला आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच पुन्हा आखून आणला. वाचलेली रक्कम त्याच आठवड्यात जिच्या तिच्या स्वतःच्या खात्यात, पोस्टात किंवा बँकेत टाकायची, असा ठराव झाला. दोघीजणी ठरावाच्या विरुद्ध होत्या. घरी कळलं तर मार बसेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांना भित्र्या म्हणणं सोपं आहे. आम्ही त्यांच्यासाठी गटाच्या खात्यात वेगळी नोंद ठेवायची असं ठरवलं. घरात सांगायचं की नाही हे त्या ठरवतील.

येत्या दिवाळीला चाळीस घरांची एकच यादी करून ठोक व्यापाऱ्याकडे जायचं आहे. दोघांशी बोलणं झालं. एक जण म्हणाला, बिल कुठल्यातरी एका पुरुषाच्या नावानं करा, म्हणजे व्यवहाराला बरं पडतं. त्याच्याकडे जायचं नाही हे बायांनी तिथल्या तिथं ठरवलं. दुसरा बिल गटाच्या नावानं द्यायला तयार आहे, पण निम्मी रक्कम आगाऊ मागतो. ती कुठून आणायची, पोती ठेवायची कुणाच्या ओसरीत, आणि ज्यांच्यापाशी आगाऊ द्यायला काहीच नाही त्यांचा वाटा गटानं उचलायचा का, यावर अजून वाद चालू आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या अकरा बाया यादीत आहेत. त्या गाव सोडायच्या आत माल यायला हवा, म्हणून पुढची बैठक लवकर घेतो आहोत.